एलिझाबेथ झिमरमन

एलिझाबेथ झिमरमन (माहेरचे आडनाव लॉइड-जोन्स, ९ ऑगस्ट १९१० – ३० नोव्हेंबर १९९९) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम-शिक्षिका, लेखिका व रचनाकार होत्या. छापील कृतीवर विसंबून न राहता स्वतःचा हात ओळखून विणावे, हा विचार त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या विणकरांमध्ये रुजवला.

जीवन

लहानपणी आईने त्यांना लोकर उजव्या हातात धरण्याची इंग्रजी पद्धत शिकवली. पुढे घरी शिकवायला आलेल्या स्विस बाईंकडून त्या लोकर डाव्या हातात धरण्याची जर्मन पद्धत शिकल्या. कलेच्या शिक्षणासाठी त्या म्युनिकला गेल्या. तेथे त्यांची भेट आर्नोल्ड झिमरमन या मद्यनिर्मितीतील तंत्रज्ञाशी झाली. हिटलरविरुद्ध बोलल्यामुळे आर्नोल्ड यांना जर्मनी सोडावी लागली. १९३७ मध्ये विवाह करून हे दांपत्य अमेरिकेत गेले आणि कालांतराने विस्कॉन्सिन राज्यात स्थिरावले. एक जुनी शाळा हेच त्यांचे घर झाले; त्यांच्या 'स्कूलहाऊस प्रेस' या संस्थेच्या नावात तिची आठवण आहे.

एलिझाबेथ यांनी गोल सुईवर, अखंड नळीसारखा विणलेला एक स्वेटर मासिकाला दिला होता. संपादकांनी त्याची कृती बदलून पाठ व पुढा सपाट विणून शिवण्याची केली. गोल विणताना प्रत्येक ओळ सुलट येते. सपाट विणताना एक ओळ सुलट तर दुसरी उलट घालावी लागते, शिवाय नक्षी मागच्या बाजूने सांभाळावी लागते. सोपे काम विनाकारण अवघड केले गेले होते. १९५८ पासून त्या आपल्या कृती स्वतःच्या पत्रकातून देऊ लागल्या.

टक्केवारीची पद्धत

त्यांची सर्वांत उपयोगी देणगी म्हणजे स्वेटरचे गणित. आधी एक तुकडा विणून आपल्या हाताने एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचे. त्यासाठी त्या टोपी विणायला सुचवीत, म्हणजे नमुनाही वाया जात नाही. इंचाला ५ टाके आणि स्वेटरचा घेर ४० इंच असेल, तर अंगासाठी २०० टाके लागतात. बाकीची मापे या संख्येवरून काढतात: मनगटाशी सुमारे २० टक्के, म्हणजे ४० टाके, दंडाशी साधारण एक तृतीयांश, गळ्याशी सुमारे ४० टक्के, म्हणजे ८०.

एकाच लोकरीने, एकाच सुईवर कोणाचा हात घट्ट असतो तर कोणाचा सैल. त्यामुळे दुसऱ्याच्या कृतीत मापे चुकली, म्हणून आपल्याला विणता येत नाही असे ठरत नाही. कित्येक नवशिक्या मात्र तसेच ठरवून सुया ठेवून देतात. झिमरमन यांच्या पद्धतीत विणणारी व्यक्ती आपल्या कामाची परीक्षा मोजपट्टी लावून स्वतः करते. आईच्या किंवा मावशीच्या हाताखाली, अंगाला लावून पाहत स्वेटर विणलेल्यांना ही रीत परकी वाटणार नाही. आपण काही नवे शोधले असा त्यांचाही दावा नव्हता; कोणीतरी कुठेतरी हे आधी केलेच असेल, असे त्या मानत.

ग्रंथ व वारसा

'निटिंग विदाउट टीअर्स' (१९७१), 'निटर्स अल्मनॅक' (१९७४), 'निटिंग वर्कशॉप' (१९८१) आणि आत्मचरित्रपर 'निटिंग अराउंड' (१९८९) ही त्यांची प्रमुख पुस्तके होत. १९६८ मधील बाळाचे जाकीट ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना; विणून होईपर्यंत या एकसंध तुकड्याला काही आकार दिसत नाही, मग घड्या घातल्या की जाकीट तयार होते. सार्वजनिक दूरचित्रवाणीवरूनही त्यांनी विणकाम शिकवले. १९७४ मध्ये त्यांनी सुरू केलेली विणकाम शिबिरे पुढे कन्या मेग स्वॉन्सन यांनी चालवली.