मेकॉले गेला, व्याख्या उरल्या

२१ डिसेंबर २०२३ रोजी राज्यसभेने भारतीय न्याय संहितेवर शिक्कामोर्तब केले, तेव्हा वसाहतवादी कायद्याला निरोप दिल्याचे समाधान सत्ताधारी बाकांवरून व्यक्त झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता इतिहासजमा झाली. तिचा कर्ता थॉमस बॅबिंग्टन मेकॉले आपल्याला ठाऊक आहे तो इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कर्ता म्हणून. वस्तुतः राज्यसंस्था आणि सामान्य माणूस यांच्यातील नात्यावर त्याच्या १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणापेक्षा या संहितेचाच ठसा अधिक खोल आहे.

२५ ऑक्टोबर १८०० रोजी लेस्टरशायर परगण्यात जन्मलेल्या मेकॉलेचे वडील झॅकरी हे गुलामगिरीविरोधी चळवळीतील अग्रणी. केंब्रिजमधील शिक्षणानंतर तो १८२६ मध्ये बॅरिस्टर झाला, पण वकिलीत रमला नाही. १८३० मध्ये तो ब्रिटिश संसदेत पोहोचला आणि वक्तृत्वाच्या बळावर गाजला. १८३३ च्या सनदी कायद्याने गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात विधी सदस्याचे पद निर्माण केले. वार्षिक दहा हजार पौंड वेतनाच्या या पदावर, बहीण हॅना हिला सोबत घेऊन, १८३४ मध्ये तो भारतात आला.

त्या वेळी येथे फौजदारी कायदा एक नव्हता. बंगाल आणि मद्रास इलाख्यांत मूळ इस्लामी कायद्यावर कंपनीच्या रेग्युलेशनांची ठिगळे होती. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ मध्ये स्वतंत्र संहिता झाली होती. कलकत्ता, मद्रास, मुंबई या शहरांतील राजाच्या न्यायालयांत इंग्लिश कायदा चाले. एकाच कृत्याची शिक्षा इलाख्यागणिक बदलत असे.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने हे चित्र बदलण्याचे ठरविले. सहकारी आजारी पडल्याने कामाचा बहुतांश भार त्याच्यावरच आला आणि १८३७ मध्ये मसुदा सादर झाला. आधी गुन्ह्याची नेमकी व्याख्या, मगच शिक्षा, हा त्याचा पाया. प्रत्येक महत्त्वाच्या कलमाखाली उदाहरणे देऊन अर्थाला सीमा घालण्याची पद्धत ही त्याची मोठी देणगी. इंग्लंडच्या तुलनेत त्याने फाशी अत्यंत मर्यादित ठेवली, ती खून आणि राज्याविरुद्धच्या घोर अपराधांपुरती. व्यभिचाराला त्याने गुन्हा मानले नव्हते. तो पुढे घातला गेला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला.

मेकॉलेचे उदारमतवादी रूप एवढ्यावर थांबत नाही. युरोपीय रहिवाशांचा दिवाणी अपिलातील विशेषाधिकार काढून घेणाऱ्या १८३६ च्या कायद्यापायी कलकत्त्याच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याच्यावर चिखलफेक केली. तरीही वृत्तपत्रस्वातंत्र्याचा पुरस्कार त्याने सोडला नाही. मात्र ज्या प्रजेसाठी तो कायदा लिहीत होता, तिची संमती घ्यावी असे त्याला वाटले नाही. तो निरंकुश सत्तेचाच, पण नियमबद्ध सत्तेचा, पुरस्कर्ता होता.

१८३८ मध्ये तो मायदेशी परतला आणि इतिहासलेखनात गढून गेला. मसुदा दोन दशके दप्तरात पडून राहिला. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना एकसंध कायद्याची निकड जाणवली. बार्न्स पीकॉक याने सुधारलेली संहिता ६ ऑक्टोबर १८६० रोजी संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. ते पाहण्यास मेकॉले हयात नव्हता. २८ डिसेंबर १८५९ रोजी त्याचे निधन झाले होते.

त्याच्या मसुद्यातील राजद्रोहाचे कलम १८६० मध्ये गळाले होते. सरकारच्या धोरणांवर टीका करण्याची मुभा त्या मसुद्यातच होती. १८७० मध्ये ते कलम १२४ अ म्हणून परतले आणि व्याख्येचा बांध किती सहज फुटतो, हे १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांच्या खटल्यात दिसले. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयीच्या अप्रीतीचा अर्थ इतका ताणला की सरकारवर प्रेम नसणे हाच अपराध ठरला. १९०८ मध्ये याच कलमाने टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेला धाडले.

आज ५११ कलमांच्या जागी ३५८ आहेत. चोरी, फसवणूक, खून यांच्या व्याख्या मात्र बहुतांशी मेकॉलेच्याच घडणीच्या आहेत. पत्नीवरील बलात्काराला दिलेली सूटही त्याच्या मसुद्यातूनच आली असून ती कायम आहे. राजद्रोह हा शब्द गेला, पण सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांचे कलम १५२ आले. नवी संहिता संमत होताना दोन्ही सभागृहांतील मिळून शंभराहून अधिक विरोधी सदस्य निलंबित होते.

समाजाला शिस्त लावणे हे फौजदारी कायद्याचे काम आहेच. पण सत्तेच्या हाताला मर्यादा घालणे हेही त्याचेच काम. गुन्ह्याची व्याख्या जितकी सैल, तितका पोलिसांचा हात लांब. मेकॉलेला पहिली गोष्ट उमगली होती, लोकसंमतीची दुसरी उमगली नव्हती. स्वतंत्र देशाच्या संसदेने या दोन्ही गोष्टी साधल्या का, या कसोटीवरच वसाहतवाद संपला की नाही ते ठरेल.