ऑडिटचं काम सोडून पोरांना घेऊन खेड्यात आकडे गोळा करायला गेलेला माणूस

यवतमाळच्या शेजारीच वर्धा. तिथल्या मगनवाडीत एक माणूस कित्येक वर्षं राहिला. नाव जे. सी. कुमारप्पा.

जन्म तंजावरचा, 1892 चा. लंडनला शिकून हिशेबतपासनीस झाले, मुंबईत स्वतःची फर्म काढली. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. तिथे इंग्रजांची करव्यवस्था आणि भारताची गरिबी यांची सांगड घातली आणि तेच लिखाण घेऊन 1929 च्या मे महिन्यात साबरमतीला गांधीजींना भेटले.

गांधीजींनी काम दिलं, खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची पाहणी करायचं. आता अडचण अशी की साहेबांना गुजराती येत नव्हतं. मग सोबतीला आली गुजरात विद्यापीठाची पोरं.

हीच खरी गंमत आहे. पुस्तकातलं अर्थशास्त्र वाचणारी ही मुलं पन्नासेक गावांत घरोघर फिरली. जमीन किती, बैल किती, पिकलं किती, कर्ज किती, हे सगळं वहीत उतरवायचं. वाटतं तितकं सोपं नाही ते. कर्जाचा आकडा कुणी अनोळखी माणसाला पटकन सांगत नाही. बियाणं घरचं असेल तर शेतकरी ते खर्चात धरतच नाही. आज आपण याला डेटा लिटरसी म्हणतो आणि त्याचे ऑनलाइन कोर्स विकतो.

पाहणीचा अहवाल 1931 मध्ये छापून आला. सरकारी सारा शेतकरी नफ्यातून नाही, तर पोटाला चिमटा काढून भरतोय, हे त्या हिशेबातून दिसलं. सरकारला हे झोंबणारंच होतं. दरम्यान, गांधीजी तुरुंगात असताना 'यंग इंडिया'ची धुरा सांभाळल्याबद्दल कुमारप्पांनाही तुरुंगवास घडला.

1934 च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि ते वर्ध्याला आले. इथून यवतमाळचा संबंध येतो. हा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. 1937 नंतर प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं, त्याने उद्योगांच्या पाहणीसाठी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं कुमारप्पांना. पुन्हा तीच पद्धत: सहाशेहून जास्त गावांची माहिती गोळा झाली. अहवाल 1939 मध्ये आला.

त्यांचं एकंदर म्हणणं असं होतं की गावचा कच्चा माल गावातच पक्का व्हावा. यवतमाळचा कापूस मात्र तेव्हाही गाठी बांधून बाहेर जात होता.

कुमारप्पा 30 जानेवारी 1960 ला वारले. तारीख गांधीजींच्या पुण्यतिथीचीच.