झेलीबाई मार्टिन : एका मातेचें चरित्र

धर्मग्रामाच्या महोत्सवाचा अंक म्हटला म्हणजे त्यांत एखाद्या थोर धर्मप्रसारकाचें किंवा रक्तसाक्षीचें चरित्र यावें, असा प्रघात आहे. आज आम्ही वाचकांपुढें जें चरित्र ठेवीत आहों, तें मात्र एका घरधनिणीचें आहे. तिनें मठ स्थापिला नाहीं, कीं दूरदेशीं जाऊन सुवार्ता गाजविली नाहीं. घरकाम, सुईदोरा, हिशेब, आजारी मुलांच्या उशाशीं काढलेल्या रात्री आणि एका हट्टी मुलीची चिंता, ह्यांतच तिचें आयुष्य सरलें. तरीही ता. १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं तिला व तिच्या पतीला रोम येथें संतपद बहाल केलें. पतिपत्नीस जोडीनें संत म्हणून घोषित करण्याचा तो पहिलाच प्रसंग होय.

झेली गेरँ ह्यांचा जन्म ता. २३ डिसेंबर १८३१ रोजीं फ्रान्स देशाच्या नॉर्मंडी प्रांतांतील एका खेड्यांत झाला. वडील जुने शिपाई. घरांत धर्माचरण कडक होतें, परंतु लाड नव्हते. लहानग्या झेलीला खेळावयास एक बाहुलीदेखील कधीं मिळाली नाहीं. तरुणपणीं दीनदुबळ्यांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनींच्या संघांत जाण्याची तिची इच्छा होती. मठाच्या प्रमुख भगिनींनीं तिला नकार दिला. तेव्हां आलांसों ह्या गांवची सुप्रसिद्ध लेस विणण्याची कला शिकून तिनें स्वतःचा धंदा उभारला. कामकरी बाया आपापल्या घरीं लेसचे लहान लहान तुकडे तयार करीत व दर गुरुवारीं आणून देत. ते तुकडे सांधा दिसूं न देतां एकत्र जोडण्याचें नाजूक काम झेलीबाई स्वतः करीत.

त्याच गांवांत लुई मार्टिन नांवाचे एक घड्याळजी होते. आल्प्स पर्वतावरील मठांत प्रवेश मिळविण्याचा त्यांनींही प्रयत्न केला होता. लॅटिन भाषा येत नसल्यामुळें त्यांना परत यावें लागलें. मठाचा दरवाजा ज्यांच्यासाठीं उघडला नाहीं, त्या ह्या दोघांचा विवाह ता. १३ जुलै १८५८ रोजीं झाला.

सन १८६० ते १८७३ पर्यंत देवानें त्यांना नऊ अपत्यें दिलीं : सात मुली व दोन मुलगे. परंतु १८६७ ते १८७० ह्या चार वर्षांत त्यांपैकीं चार मुलांना मूठमाती देण्याचा प्रसंग त्या माउलीवर आला. दोन्ही मुलगे वर्षाचे होण्यापूर्वींच गेले. एलेन पांच वर्षांची होऊन गेली, आणि एक तान्ही मुलगी दाईच्या हयगयीमुळें दोन महिनेही जगली नाहीं. हीं मुलें झालींच नसतीं तर बरें झालें असतें, असें कांहीं लोक त्यांना म्हणत. बाईंना तें बोलणें मुळींच सहन होत नसे. आपलीं मुलें हरवलीं नाहींत, स्वर्गांत तीं पुन्हां भेटतील, ही त्यांची श्रद्धा होती. म्हणून त्या रडल्या नाहींत असें मात्र कोणीं समजूं नये. त्या रडल्या, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां कामास बसल्या.

त्यांचीं दोनशेंहून अधिक पत्रें आज उपलब्ध आहेत. तीं वाचतांना आम्हांस एखाद्या संतचरित्रापेक्षां आपल्या शेजारच्या घरांत डोकावल्यासारखें वाटतें. गिऱ्हाइकांची घाई, मुलींचा खोकला, रात्रीं उशिरांपर्यंतची शिवण, सोसवेनासा झालेला थकवा, सारें कांहीं त्यांत आहे. तसा आनंदही आहे. धाकटी तेरेजा जिना चढतांना पायरीपायरीवर आईला हांक मारी, आणि ओ मिळाल्याखेरीज पुढची पायरी चढत नसे! वडील थोरल्या मेरीला आपला हिरा, पोलीनला आपला मोती आणि तेरेजाला आपली राणी म्हणत. रविवारीं दुकान बंद ठेवल्यानें गिऱ्हाईक जातें, असें मित्रांनीं सांगूनही त्यांनीं रविवार कधीं मोडला नाहीं. तो दिवस मिस्सेचा व मुलाबाळांबरोबर फिरावयास जाण्याचा. पुढें १८७० सालीं लुई ह्यांनीं आपलें घड्याळांचें दुकान भाच्यास दिलें व पत्नीच्या धंद्याचा भार स्वतः उचलला. आमच्या वाचकांपैकीं पुरुषमंडळींनीं ह्या गोष्टीची अवश्य नोंद घ्यावी.

तेरेजाचा जन्म ता. २ जानेवारी १८७३ चा. दोन महिन्यांतच ती मरणोन्मुख झाली. आईच्या अंगावर दूध नव्हतें. तेव्हां झेलीबाई पहांटे पायींच निघाल्या, कोसांचें अंतर तोडून सेमाले ह्या खेड्यांत पोंचल्या, आणि रोज नांवाच्या ओळखीच्या शेतकरणीला दाई म्हणून घेऊन आल्या. बाळ वांचलें, पण सुमारें एक वर्ष आईपासून दूर त्या शेतकरणीच्या घरीं वाढलें. तेंच बाळ पुढें बाळ येशूची संत तेरेजा म्हणून जगाला ठाऊक झालें.

परंतु मातेच्या हृदयास सर्वांत अधिक घोर होता तो तेरेजाचा नव्हे, तर १८६३ सालीं जन्मलेल्या लिओनीचा. ही मुलगी जन्मापासून दुखणाईत होती. अभ्यासांत ती मागें पडे, बहिणींशीं तिचें जमत नसे, आणि हट्टास पेटली म्हणजे कोणाचें ऐकत नसे. मावशी ज्या मठांत धर्मभगिनी होती, तेथील शाळेंतूनही तिला परत पाठविण्यांत आलें. गोड बोलून झालें, रागावून झालें, नोव्हेना झाल्या, गुण येईना. ह्याचें एक कारण १८७७ सालीं उघडकीस आलें. घरची मोलकरीण लिओनीला चोरून धाक दाखवीत असे, आणि आपल्यावांचून दुसऱ्या कोणाचें ऐकावयाचें नाहीं असें तिनें त्या पोरीस बजावून ठेविलें होतें. आईच्या डोळ्यांदेखत, त्याच छपराखालीं हें घडत होतें!

तेव्हां झेलीबाईंच्या स्तनांतील गांठ असाध्य झाली आहे, असें डॉक्टरांनीं सांगून कांहीं महिने लोटले होते. हातीं थोडेच दिवस उरले होते. त्यांनीं लिओनीला जवळ घेतलें, सतत आपल्यापाशीं ठेविलें, तिच्याबरोबर प्रार्थना केली. मुलगी हळूहळू आईला बिलगूं लागली. आतां मात्र जगावें असें बाईंना मनापासून वाटूं लागलें, तें ह्या मुलीसाठीं. जून महिन्यांत तिन्ही थोरल्या मुलींना घेऊन त्या लूर्दच्या यात्रेस गेल्या. आजार बरा झाला नाहीं. ता. २८ ऑगस्ट १८७७ रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, लिओनीचें पुढें काय होणार हें न कळतांच त्यांनीं देह ठेविला.

लुई पांचही मुलींना घेऊन लिझ्यू येथें राहावयास गेले. पुढें मनाच्या आजारानें त्यांना तीन वर्षांहून अधिक काळ इस्पितळांत काढावा लागला. १८९४ सालीं ते निवर्तले. चार मुली कार्मेल मठांत गेल्या. तेरेजा १९२५ सालीं संत झाली व १९२७ सालीं मिशनकार्याची संरक्षक ठरली. आणि लिओनी? तीनदां ती मठांत गेली व तीनदां परत आली. चौथ्या खेपेस, १८९९ सालीं, काँ ह्या शहरांतील मठांत ती स्थिर झाली आणि १९४१ सालीं मरेपर्यंत तेथेंच नम्रपणें राहिली. तिच्या संतपदाचा विचार २०१५ पासून रीतसर सुरू झाला आहे.

आमच्या फेऱ्यांत घरोघरीं आम्हांस अशा माता भेटतात, कीं ज्या इतर मुलांविषयीं हंसून बोलतात आणि एकाचें नांव निघतांच पदर डोळ्यांस लावतात. हें चरित्र आम्हीं विशेषेंकरून त्यांच्यासाठीं लिहिलें आहे. आईनें शेवटच्या महिन्यांत जें पेरलें तें उगवावयास बावीस वर्षें लागलीं, आणि तें पाहावयास ती ह्या जगांत नव्हती. मातांनो, त्या मुलाला जवळ घेण्यास उशीर झाला असें समजूं नका. दरसाल १२ जुलै रोजीं संत लुई व संत झेली ह्यांचा सण येतो. त्या दिवशीं मिस्सेला या, आणि त्या मुलाचें नांव घेऊन त्यांच्या मध्यस्थीची याचना करा.