केप्लर आणि चंद्रावरील जीव

ग्रहगतीचे नियम शोधणारा योहान्नेस केप्लर १५७१ सालीं जर्मनींत एका गरीब घरीं जन्मला. बाप भाडोत्री शिपाई होऊन घर सोडून गेला. देवीच्या रोगानें मुलाची दृष्टि अधू केली. तरी ट्यूबिंगेन येथें विद्या संपादून पुढें तो सम्राटाचा गणिती झाला.

१६०९ च्या सुमारास त्यानें 'सोम्नियम', म्हणजे स्वप्न, ही लॅटिन कथा लिहिली. चंद्रावरील एक दिवस आपल्या सुमारें १४ दिवसांएवढा व रात्रहि तेवढीच, हें तो जाणून होता. असल्या उन्हांत व थंडींत मनुष्य टिकणार नाहीं. म्हणून त्यानें तेथें अजस्र देहाचे, अल्पायुषी, सर्पासारखे व गुहांत दडणारे जीव कल्पिले. चंद्र निर्जीव आहे हें आज आपणांस ठाऊक आहे. परंतु परिस्थितीवरून प्राण्याचें रूप ठरविण्याची त्याची रीत शास्त्रीयच होती.

कथानायकाची आई पिशाचांशीं बोलणारी होती. कथेचें हस्तलिखित हातोहात फिरलें. १६१५ सालीं केप्लरच्या वृद्ध मातेवर चेटकाचा आरोप आला. आपल्याच कथेनें ही कुजबूज वाढली, असें त्यास वाटे. ती १४ महिने कैदेंत होती. त्यानें स्वतः तिचा बचाव केला व १६२१ सालीं ती सुटली; पण पुढल्याच वर्षीं वारली. मग त्यानें कथेस २२३ टीपा जोडून तिचा खरा अर्थ उलगडला. तो १६३० सालीं निवर्तला. पुस्तक १६३४ सालीं छापलें गेलें.

त्यानें चंद्रावरील विलक्षण जीवांसहि मनांत जागा दिली. गांवकऱ्यांस मात्र शेजारची एक निराळी म्हातारी सोसवली नाहीं. मुलांनो, यांतील कोणाचा कित्ता गिरवावयाचा, हें आपणच ठरवावें.