पॉप्लर गावचा डिक



नोकरीनिमित्त मी गेली काही वर्षं अमेरिकेत डुलुथ शहरात राहतो. इथून पूल ओलांडला की सुपीरियर शहर आणि तिथून तीसेक किलोमीटरवर पॉप्लर हे जेमतेम सहाशे वस्तीचं खेडं. तिथे महामार्गाच्या कडेला एक पाटी आहे, मेजर रिचर्ड बाँग यांच्या स्मरणार्थ. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची ४० विमानं पाडणारा हा वैमानिक. हा आकडा आजवर दुसऱ्या कोणत्याही अमेरिकन वैमानिकाला गाठता आलेला नाही. आमच्या वाटेवरच्या पुलालाही त्याचंच नाव आहे.

गावासाठी मात्र तो डिक. जन्म २४ सप्टेंबर १९२० चा. वडील स्वीडनहून आलेले शेतकरी, नऊ भावंडांत हा थोरला. १९२८ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज सुपीरियरजवळ मुक्कामाला होते. त्यांची टपाल नेणारी विमानं बाँग यांच्या शेतावरून जात. सात वर्षांच्या डिकला विमानांचं वेड लागलं ते तेव्हा. शाळेत तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी, बेसबॉल खेळे. गावच्या शाळेत शेवटचं वर्ष नव्हतं, म्हणून त्या वर्षी रोज सुपीरियरला ये-जा करून त्याने शिक्षण पुरं केलं.

१९४१ मध्ये तो हवाई दलात दाखल झाला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोजवळ एका घरावरून फार खालून विमान नेल्याबद्दल त्याच्या उड्डाणावर बंदी आली. शिक्षा म्हणून जनरल केनी यांनी त्याला एका बाईंचे वाळत घातलेले कपडे गोळा करायला पाठवलं, असं सांगतात! त्याची तुकडी त्याच्याविना इंग्लंडला गेली. केनींनी मात्र या पोराला ओळखलं होतं, त्यांनी त्याला पॅसिफिकच्या आघाडीवर मागवून घेतलं.

२७ डिसेंबर १९४२ रोजी त्याने पहिली विमानं पाडली. स्वतःचा नेम चांगला नाही असं तो म्हणे, म्हणून शत्रूच्या अगदी जवळ जाऊन गोळीबार करी. आपल्या पी-३८ विमानावर त्याने मार्जचा, म्हणजे पुढे पत्नी झालेल्या मैत्रिणीचा, मोठा फोटो लावला होता. डिसेंबर १९४४ मध्ये त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. ४० वं विमान पडल्यावर केनींनी त्याला घरी धाडलं, हा मुलगा जिवंत राहावा म्हणून.

फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याचं मार्जशी लग्न झालं. मग कॅलिफोर्नियात नव्या जेट विमानांच्या चाचण्यांचं काम मिळालं. ६ ऑगस्टला उड्डाण करताच इंधनाचा पंप बिघडला. त्याने उडी मारली, पण जमीन फार जवळ होती. वय अवघं चोवीस. त्याच दिवशी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत या दोन्ही बातम्या होत्या.

युद्धानंतर गावाने एक पी-३८ विमान मिळवून १९५५ मध्ये आपल्या शाळेजवळ उभं केलं. पुढे ते सुपीरियरच्या संग्रहालयात गेलं. मार्जचा फोटो असलेलं मूळ विमान मात्र १९४४ मध्येच दुसरा वैमानिक चालवत असताना न्यू गिनीत कोसळलं होतं. त्याचे अवशेष थेट २०२४ मध्ये जंगलात सापडले.

पाटीवरचा ४० हा आकडा वाचताना मला त्या पडलेल्या विमानांतली माणसंही आठवतात. तीही कुठल्या तरी गावची, कुठल्या तरी शाळेची पोरं. त्यांच्या वर्गमित्रांनीही हजेरीतली गाळलेली नावं ऐकली असतील.

पाटीवर पराक्रम मावतो, पण क्लॅरिनेट वाजवणारा डिक कसा होता हे त्याच्या वर्गातल्यांनाच ठाऊक. आपल्या बॅचमधलेही काही जण आता नाहीत. त्यांची पाटी कुठे लागणार नाही. म्हणून या संमेलनात एक तास फक्त त्यांच्यासाठी ठेवू या. कोण कुठल्या बाकावर बसायचा, कोण डबा वाटून खायचा, कुणाला गणिताच्या तासाला हसू आवरायचं नाही, हे सांगू या आणि लिहूनही ठेवू या. ते आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही.