पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे निघालेली आगगाडी उरुळी, यवत ही गावे मागे टाकून पुढे आली, की केडगावचे स्थानक लागते. येथून उत्तरेस भीमा नदी वाहते. नदीच्या पलीकडे शिरूर तालुका आणि अलीकडे दौंड तालुका. दौंड तालुक्यास पूर्वी भीमथडी म्हणत व भीमथडीच्या तट्टांची मराठ्यांच्या फौजेत मोठी ख्याती होती. आज या बाजूस उसाचे हिरवेगार मळे दिसतात. परंतु मुळात हा प्रदेश कमी पावसाचा. येथील माणसांना दुष्काळ ठाऊक नाही असे कधी झाले नाही. अशा या मुलखात, केडगावच्या माळावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक विलक्षण शाळा उभी राहिली. तिच्यात चार वर्षांची बालिका होती, तशीच केस पांढरे झालेली विधवाही होती. डोळस मुली होत्या, तशा जन्मांधही होत्या. कोणी संस्कृत वाचणाऱ्या, तर कोणी आयुष्यात पाटी न पाहिलेल्या. या सर्वांना सामावून घेणारी ही शाळा ज्या बाईने उभारली, ती स्वतः मात्र बालपणी एक दिवसही शाळेत गेली नव्हती.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर पंडित होते. स्त्रियांनाही संस्कृत विद्या शिकविली पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते. त्या काळी हे मत उच्चारणेही धाडसाचे होते. शास्त्रीबुवांनी तर आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवून ते आचरणात आणले. या मतापायी त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला व घरदार सोडून रानात आश्रम करून राहावे लागले. पुढे तेही सुटले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव हिंडू लागले. लक्ष्मीबाई पहाटे, पाखरे जागी होण्याच्या वेळी, मुलीला मांडीवर घेऊन श्लोक म्हणावयास लावीत. दिवसभराच्या कामांत पुन्हा सवड मिळण्याची खात्री नसे. पुस्तके थोडी आणि वाट लांब; म्हणून जे शिकावयाचे ते कंठातच साठवावे लागे. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना बालवयातच मुखोद्गत झाले.

नंतर दुष्काळाचे दिवस आले. पुराण ऐकावयास कोणी येईना, आणि कष्टाचे दुसरे काम या कुटुंबाला येत नव्हते. अंगावरचे दागिने गेले, भांडीकुंडी गेली, अखेर झाडाच्या पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. वडील, आई व बहीण यांचा एकापाठोपाठ एक अंत झाला. केवळ ग्रंथांतील विद्या पोटाची आग विझवू शकत नाही, ही गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या रमाबाई त्या वेळी जे शिकल्या, ती त्या जन्मभर विसरल्या नाहीत. हाताला काम आले पाहिजे, हा त्यांचा पुढील आयुष्यातील हट्ट येथूनच आलेला दिसतो.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह शेकडो कोस पायी तुडवीत त्या 1878 साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती अशा पदव्या देऊन गौरविले. परंतु सुख त्यांच्या वाट्यास फार काळ आले नाही. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीची बंधने बाजूस सारून विवाह केला. कन्या मनोरमा झाली. आणि 1882 च्या आरंभी पतीला पटकीने गाठले. अवघ्या तेविसाव्या वर्षी, कडेवर लहान मूल घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्यात आणि आजारी स्त्रियांसाठी स्त्री-वैद्य हव्यात, असे त्यांनी तेथे आग्रहाने मांडले. आपणच वैद्यकी शिकावी या हेतूने 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. पण त्यांना कानांनी नीट ऐकू येत नसे, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. एखादी निराश होऊन परतली असती. रमाबाईंनी चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात संस्कृत शिकविले आणि त्याच ठिकाणी गणित, शास्त्र व इंग्रजी या विषयांचे धडे घेतले. एकाच इमारतीत एका तासाला गुरू आणि दुसऱ्या तासाला शिष्य! इंग्लंडमध्येच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

1886 साली आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवी मिळावयाची होती. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने लहान मुलांसाठी बालोद्यानाची जी पद्धत काढली होती, तिचा त्यांनी तेथे अभ्यास केला. रंगीत लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी आणि बागकाम यांतून मुलाच्या हाताला व डोळ्याला आधी शिकवावे, अक्षर मागाहून येईल, हे या पद्धतीचे सार. पाठांतरावर वाढलेल्या रमाबाईंना ही रीत इतकी पटली, हे थोडे नवलच! याच काळात त्यांनी हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, ठिकठिकाणी व्याख्याने दिली, आणि बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे तिने मान्य केले.

स्वदेशी परतताच 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ रमाबाईंनी शारदा सदन उघडले. सदनात प्रथम आलेल्या विधवांत गोदूबाई ही कोकणातील तरुणी होती. ती आठव्या वर्षी विधवा झालेली, आणि अक्षरओळख करून घेण्याचे वय लोकांच्या मते केव्हाच उलटून गेलेले. तिच्याहून पुष्कळ लहान मुली जे झरझर वाचीत, ते तिला अडखळत वाचावे लागे. अशा विद्यार्थिनीला वर्गात मागच्या बाकावर बसवून चालत नाही. तिच्यासाठी धडाही निराळा व धीरही निराळा लागतो. गोदूबाई शिकल्या. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे या नावाने त्यांनी कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी झोळी घेऊन वर्गणी जमविली. वृद्धपणी त्यांनी आपले आत्मचरित्रही लिहिले.

1890 साली शारदा सदन पुण्यास आले. तेथे एक मोठे वादळ उठले. सदनात कोणावरही धर्म लादला जाणार नाही, असे रमाबाईंनी कबूल केले होते, आणि ज्या मुलींना आपले सोवळेओवळे पाळावयाचे असे त्यांना तशी मोकळीकही होती. तथापि रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे व काही मुली तेथे येऊन बसत. त्यांतील काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागला. पालक घाबरले, वृत्तपत्रांतून टीका झाली. 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सदनाशी असलेला संबंध सोडला आणि अनेक मुली घरी नेल्या गेल्या. पालकांची भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. रमाबाईंनी बळजबरी केली असेही म्हणता येणार नाही. पण या वादात ज्या मुलींची पाटी अर्ध्यावर फुटली, त्यांना कोणी विचारले नाही.

दहा वर्षांची मदत संपल्यावर काय, या विचाराने रमाबाईंनी केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. फळबागा लावाव्यात व त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा हिशेब होता. इतक्यात 1896 साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. रस्त्याच्या कडेला हाडांचे सापळे होऊन पडलेल्या मुली पाहून त्यांना आपलेच तरुणपण आठवले असेल. त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या. पण पुण्यात 1897 साली प्लेग सुरू झालेला. इतक्या दुबळ्या माणसांना शहरात ठेवणे अशक्य होते. मग केडगावच्या त्या शेतावरच झोपड्या उभ्या राहिल्या. विहिरी खणल्या गेल्या, पुढे दगडी इमारती झाल्या. या वसाहतीस मुक्तिसदन असे नाव मिळाले. 1900 साली गुजरातेतही दुष्काळ पडला आणि तेथून आणखी शेकडो जणी आल्या. तोवर केडगावची वस्ती दीड हजारांवर गेली होती.

आता खरी कसोटी होती. शारदा सदनातील मुली वयाने निरनिराळ्या असल्या, तरी बहुतेक सुस्थितीतील घरच्या होत्या. या नव्या मुलींचे तसे नव्हते. त्यांच्या भाषा वेगळ्या, चालीरीती वेगळ्या. भुकेने त्यांना इतके पोळले होते, की उद्या पुन्हा भाकरी मिळेल यावर त्यांचा विश्वास बसत नसे. पाच वर्षांच्या मुलाला अक्षर गिरवावयास लावणे सोपे. पंधरा वर्षांच्या, रानात वाढलेल्या, भेदरलेल्या मुलीला एका जागी बसविणेच कठीण. दीड हजार जणींना पुरतील इतक्या शिक्षिका आणावयाच्या तरी कोठून? रमाबाईंनी नव्या मुलींचे लहान लहान गट केले आणि एकेक गट शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलीच्या स्वाधीन केला. काल शिकलेली आज शिकवू लागली. त्या गटाचे जेवण, स्नान, औषधपाणी आणि धडे हे सारे तिच्याकडेच.

लहानग्यांसाठी बालोद्यानाचा वर्ग होता. मोठ्या मुलींच्या दिवसाचा काही भाग अक्षरांना व काही भाग कामाला दिलेला असे. कोणी हातमागावर बसे, कोणी शिवण शिके, कोणी शेतात राबे. कोणी गाईम्हशींचे पाही, कोणी घाण्यावर तेल काढी, कोणी भांड्यांना कल्हई लावी. जिला पुस्तकाची गोडी लागली, ती पुढे शिकून शिक्षिका होई; जिला ती लागली नाही, तिच्या हातांना एखादा तरी धंदा येई. वृद्ध व दुबळ्या बायकांसाठी निराळी जागा होती, आणि जिला समाजाने कलंकित म्हणून टाकले होते, तिच्यासाठी कृपासदन होते. अशा स्त्रीला दारात उभे करण्याचीही त्या काळी कोणाची तयारी नसे.

अंध मुलींसाठीही स्वतंत्र व्यवस्था केली होती. उठावाचे ठिपके बोटांनी चाचपून वाचण्याची ब्रेल लिपी त्यांना शिकविली जाई. वाचता येऊ लागलेली अंध मुलगी मांडीवर जाड कागदांचे पुस्तक घेऊन इतरांना वाचून दाखवी, आणि डोळस पण निरक्षर बाया तिच्याभोवती बसून ऐकत. विणकाम व वेताचे कामही या मुली करीत. स्वतः कानांनी अधू असल्यामुळे एक इंद्रिय उणे असले म्हणजे माणूस किती मागे लोटला जातो, हे रमाबाईंना कोणी सांगावे लागले नसावे.

या सर्व कामात कन्या मनोरमा त्यांचा उजवा हात होती. ती मुंबई विद्यापीठाची पदवीधर होती व शारदा सदनाची शाळा तिने समर्थपणे सांभाळली. 1919 साली सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्यानंतर दोनच वर्षांत, 1921 साली, मनोरमा आईच्या आधी गेली.

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक काम हाती घेतले होते. बायबलचे मराठी भाषांतर खेड्यातील बाईलाही समजेल अशा सोप्या भाषेत व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक या दोन नव्या भाषा शिकल्या. पहाटे श्लोक घोकणारी ती मुलगी आता साठीच्या घरात आली होती, पण शिकणे थांबले नव्हते. केडगावच्या छापखान्यात या ग्रंथाचे खिळे जुळविण्याचे, छापण्याचे व बांधणीचे काम आश्रमातल्याच स्त्रिया करीत. भाषांतर पुरे करून रमाबाईंनी 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथेच देह ठेवला. छपाई अजून चालूच होती. एके काळी ज्यांना आपले नावही लिहिता येत नव्हते, अशा बायकांनी पुढे दोन वर्षे एकेक अक्षर जुळवून ते पुस्तक 1924 साली पुरे केले.