गावाने वाळीत टाकलं, पुण्याने नावं ठेवली. पण अण्णा कर्वे वाद घालत बसले नाहीत

साल १८७५. कोकणातल्या मुरूडचा एक सतरा वर्षांचा मुलगा पायी साताऱ्याला निघाला. अंतर सुमारे ११० मैल, वाटेत सह्याद्रीचा घाट. साताऱ्यात त्याला मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. त्या काळी ही परीक्षा पास झाली की नोकरीचं दार उघडायचं.

मुलगा पोहोचला. परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. अंगाने किरकोळ, उंचीने लहान. हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही, असं ठरवून त्यांनी त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. वयाचा दाखला होता, पण तोही कामाला आला नाही.

एवढी पायपीट वाया गेली. मुलगा घरी परतला आणि पुन्हा अभ्यासाला लागला. पुढे कोल्हापूरला जाऊन तो तीच परीक्षा पास झाला.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना अण्णा आणि महर्षी कर्वे म्हणून ओळखू लागला. समोरचा माणूस अडाण्यासारखं वागला तर काय करायचं, याचं त्यांचं उत्तर सतराव्या वर्षी जे होतं तेच शंभराव्या वर्षीही राहिलं.

एक लग्न आणि गावाचा बहिष्कार

कर्वे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८८४ मध्ये गणित घेऊन पदवीधर झाले. १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या.

तेव्हाचा रिवाज सोपा होता. बायको गेलेल्या पुरुषाने, तो कितीही वयाचा असो, दहा-बारा वर्षांची मुलगी करायची. नवरा गेलेल्या मुलीने मात्र, ती आठ वर्षांची असली तरी, जन्मभर विधवा म्हणून राहायचं. यात काही चुकतंय असं बहुतेकांना वाटतही नव्हतं.

कर्व्यांनी ठरवलं की लग्न करायचं तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ ला त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या कर्व्यांच्या मित्राची बहीण, बालविधवा आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्यांचं नाव आनंदीबाई झालं, पुढे लोक त्यांना बाया कर्वे म्हणू लागले.

मुरूडमध्ये एकच गहजब झाला. गावाने सभा घेतली आणि कर्व्यांना वाळीत टाकलं. त्यांच्यासोबत एका बैठकीवर बसायचं नाही, असं ठरलं. घरच्यांनी त्यांना घरात ठेवून घेतलं तर त्यांच्यावरही बहिष्कार. म्हणजे शिक्षा एकट्या कर्व्यांना नव्हती, त्यांच्या म्हाताऱ्या आईला आणि भावालाही होती.

गंमत बघा, याच गावातल्या शिक्षणासाठी कर्व्यांनी आधी 'मुरूड फंड' उभा केला होता. बाहेरगावी कमावणाऱ्या मुरूडकरांनी मिळकतीतला थोडा वाटा गावासाठी द्यायचा, अशी ती योजना. ज्या गावासाठी पैसे जमवले, त्याच गावात आता त्यांना बसायला जागा नव्हती.

कर्व्यांनी गावाशी भांडण मांडलं नाही. लग्नाचा पश्चात्तापही दाखवला नाही. ते पुण्याला परतले आणि त्याच वर्षी विधवाविवाहाच्या प्रचारासाठी एक मंडळ काढलं.

दोन्हीकडून बोलणी

लोकांशी बोलताना कर्व्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. चार-दोन लग्नं लावून भागणार नाही. विधवा मुलीला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, आणि त्यासाठी शिक्षण हवं. बाई शिकली की नवरा मरतो, असं मानणारी माणसं तेव्हा घरोघरी होती. अशा काळात १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. घरच्या तंगीची पर्वा न करता स्वतःच्या विम्याची पाच हजारांची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली.

प्लेगच्या काळात, १९०० मध्ये, आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जागा दिली आणि एका झोपडीत काम सुरू झालं. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि पायी हिंगणं गाठून मुलींना शिकवायचं, असा कर्व्यांचा दिनक्रम झाला. सुट्ट्या लागल्या की ते गावोगाव वर्गणी मागत फिरायचे.

इथे त्यांच्यापुढे खरा पेच आला. आश्रमात विधवांची लग्नं लावतात, अशी शंका आली असती तर कोणी आपली लेक तिथे पाठवलीच नसती. म्हणून त्यांनी आश्रमाचं काम फक्त शिक्षणापुरतं ठेवलं आणि विधवाविवाह मंडळाच्या कामातून ते स्वतः बाजूला झाले.

आता सनातनी तर नाराज होतेच, सुधारकही नाराज झाले. एका बाजूला कर्वे धर्मबुडवे होते, दुसऱ्या बाजूला कच खाणारे. सुधारकांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या माणसाने तोच विषय मागे ठेवावा, ही किंमत मोठी होती. कर्व्यांनी ती मोजली, कारण वर्गात बसलेली मुलगी त्यांना वादातल्या विजयापेक्षा महत्त्वाची वाटत होती.

हसणाऱ्यांसमोर उभं राहिलेलं विद्यापीठ

पुढे जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली. तशी संस्था आपल्याकडे का नको, असा विचार करून १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय होतं ५८. सरकारची मान्यता नाही, शिकवणार मातृभाषेतून, विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. असल्या पदवीला कोण विचारतो, असं म्हणणाऱ्यांची कमी नव्हती.

कर्वे झोळी घेऊन फिरत राहिले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं. आज आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो, ते हेच. कायद्याने पूर्ण मान्यता मिळायला मात्र स्वातंत्र्य उजाडावं लागलं. ती बघायला कर्वे हयात होते.

वयाच्या ८६ व्या वर्षी, १९४४ मध्ये, त्यांनी जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. १९५८ मध्ये त्यांना शंभरावं वर्ष लागलेलं पूर्ण झालं, भारतरत्न मिळालं आणि त्यांच्या चित्राचं टपाल तिकीटही निघालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात ते गेले, तेव्हा वय १०४ होतं.

कर्व्यांचा संयम म्हणजे गप्प बसून सोसणं नव्हतं. लोकांनी बोलणं थांबवावं म्हणून त्यांनी काम थांबवलं नाही, आणि बोलणाऱ्यांना हरवायचं म्हणूनही काम केलं नाही. मुरूडच्या त्या सभेत कोण कोण बसलं होतं, हे आज कुणाला आठवत नाही. हिंगण्याला मुली अजूनही शिकतायत.